पुरुषाचे वंध्यत्व : उपचाराची परवानगी आणि नसबची मर्यादा



निकाह होऊन दोन-तीन वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या समाजात सर्वांच्या नजरा सुनेकडे वळतात. तिच्या तपासण्या सुरू होतात, सोनोग्राफी होते, औषधे बदलली जातात. कुणी ताविज आणून देते, कुणी दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू करते. या सर्व काळात ज्याच्या एका साध्या तपासणीने अर्धे कोडे सुटले असते, त्या पतीने प्रयोगशाळेची पायरीदेखील चढलेली नसते. 'आमच्या मुलात काय दोष असणार?' हा प्रश्न विचारून घरातील वडीलधारी मंडळी विषय संपवितात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढ व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत आढळते. म्हणून पतीची तपासणी न करता पत्नीला दोषी ठरविणे हा वैद्यकीयदृष्ट्या अडाणीपणा आहे आणि दीनच्या दृष्टीने तो जुलूम आहे. पुराव्याविना कुणावर ठपका ठेवण्याची परवानगी इस्लाम देत नाही.

या लेखात आपण पुरुषाच्या वंध्यत्वाचा एक विशिष्ट प्रकार आणि त्यावरील एक विशिष्ट उपचार यांचा विचार करणार आहोत. वीर्यात शुक्राणू मुळीच न आढळणे हा तो प्रकार, आणि शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळविणे हा तो उपचार होय. हा उपचार आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत उपलब्ध आहे आणि आपले बांधव तो घेतही आहेत. त्याची परवानगी कुठपर्यंत आहे आणि ती कुठे संपते, हे शस्त्रक्रियेच्या मेजावर जाण्यापूर्वी माहीत असणे आवश्यक आहे. कारण ज्या क्षणी हा प्रश्न उभा राहतो, त्या क्षणी शांतपणे विचार करण्यास वेळ नसतो.

संतती ही अल्लाहची देणगी

पवित्र कुरआनच्या सूरह शूरामध्ये (४२ : ४९-५०) अल्लाहने स्पष्ट केले आहे की आकाशांची व पृथ्वीची सत्ता त्याचीच आहे. तो कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे देतो, कुणाला दोन्ही देतो आणि कुणाला निपुत्रिक ठेवतो. हे त्याच्या ज्ञानाने आणि सामर्थ्याने घडते. यावरून एक गोष्ट निश्चित होते की निपुत्रिक असणे हा गुन्हा नाही, शाप नाही आणि अल्लाहच्या नाराजीची खूणही नाही.

उम्मुल मोमिनीन ह. आयेशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्यांचे भाचे ह. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या नावावरून 'उम्मे अब्दुल्लाह' हे संबोधन धारण करण्यास सांगितले. ज्या महान स्त्रीकडून उम्मतने दीनचे इतके मोठे ज्ञान घेतले, तिच्या सन्मानात अपत्य नसल्याने तिळमात्र उणीव आली नाही. आपल्या घरातील सुनेचा किंवा मुलाचा मान अपत्यावर मोजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मात्र अल्लाहच्या निर्णयावर राजी राहणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. ह. जकरिया (अ.) वृद्ध झाले होते आणि त्यांची पत्नी वंध्य होती, तरीही त्यांनी एकांतात हळू आवाजात आपल्या पालनकर्त्याकडे वारस मागितला. सूरह अंबियामध्ये (२१ : ९०) उल्लेख आहे की अल्लाहने त्यांची प्रार्थना स्वीकारली, त्यांना ह. याह्या (अ.) प्रदान केले आणि त्यांच्या पत्नीला त्यांच्यासाठी सुधारून दिले. अपत्याची इच्छा पैगंबरांच्या हृदयातही होती. ती बाळगण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

उपचाराविषयीही प्रेषित (स.) यांची शिकवण सुस्पष्ट आहे. सहीह बुखारीतील हदीसचा आशय असा की अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही ज्याचा इलाज उतरविला नाही. सुनन अबू दाऊद व तिरमिजीमधील हदीसमध्ये, ग्रामीण अरबांनी विचारले असता त्यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली व वार्धक्याचा तेवढा अपवाद सांगितला. तेव्हा दुआ आणि दवा या दोन्ही गोष्टी श्रद्धावंताच्या जीवनात एकत्र नांदतात.

आजार कोणता आहे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. वीर्यात शुक्राणू नसणे आणि नपुंसकत्व या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. अशा पुरुषाचे वैवाहिक जीवन पूर्णपणे निरोगी असू शकते. वीर्याचा बहुतांश भाग इतर ग्रंथींचा स्राव असतो, त्यामुळे डोळ्यांना कोणताही फरक दिसत नाही. दोष केवळ सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे एक टक्का आणि वंध्यत्व असलेल्या पुरुषांपैकी दहा ते पंधरा टक्के पुरुषांत ही अवस्था आढळते. तिला डॉक्टर 'ॲझूस्पर्मिया' म्हणतात. एका तपासणीवरून हे निदान पक्के होत नाही, निदान दोन वेळा नमुना तपासावा लागतो.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वृषणात शुक्राणू तयार होत असतात, पण त्यांचा मार्ग बंद असतो. जुना जंतुसंसर्ग, क्षयरोग, हर्नियाच्या शस्त्रक्रियेत झालेली इजा, नसबंदी किंवा जन्मतःच शुक्रवाहिन्या नसणे ही त्याची कारणे होत. दुसऱ्या प्रकारात मार्ग मोकळा असतो, पण निर्मितीच अत्यल्प असते किंवा नसते. वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाचा वृषणावरील परिणाम, लहानपणी वृषण खाली न उतरणे, कर्करोगाची औषधे आणि गुणसूत्रांतील दोष ही त्याची काही कारणे आहेत. काही वेळा कारण सापडतही नाही.

येथे तरुणांसाठी एक इशारा आवश्यक आहे. शरीर कमावण्याच्या नादात व्यायामशाळेत घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तिच्याशी असा खेळ करू नये.

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांची कमतरता असल्यास इंजेक्शनांनी निर्मिती सुरू होऊ शकते. नसबंदी झालेली असल्यास काही वेळा नलिका पुन्हा जोडता येते. म्हणून आधी संप्रेरकांची, गुणसूत्रांची आणि आवश्यक तेथे वाय गुणसूत्रातील तुटीची तपासणी करून घ्यावी. वाय गुणसूत्राचे 'ए' किंवा 'बी' हे भाग संपूर्ण गळालेले असतील तर शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. अशा वेळी ही तपासणी व्यर्थ शस्त्रक्रियेपासून वाचविते. 'सी' भाग गळालेला असल्यास शुक्राणू मिळू शकतात, पण तोच दोष होणाऱ्या मुलग्यांकडे जातो. हे दोघांनाही आधी ठाऊक असले पाहिजे.

उपचाराचे स्वरूप

मार्ग बंद असल्यास वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणातून किंवा वृषणातून बारीक सुईने शुक्राणू काढले जातात. हे काम छोटेसे असते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत यश मिळते. निर्मितीच कमी असल्यास 'मायक्रो-टेसे' ही शस्त्रक्रिया करतात. ती न्यूयॉर्कचे शल्यविशारद पीटर श्लेगेल यांनी १९९९ मध्ये मांडली. यात भूल देऊन वृषण उघडले जाते आणि शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातून, ज्या सूक्ष्म नलिका इतरांपेक्षा जाड व भरीव दिसतात त्याच वेचल्या जातात, कारण तेथे शुक्राणू असण्याची शक्यता अधिक असते. साधारणपणे निम्म्याच्या आसपास रुग्णांत शुक्राणू सापडतात. बाकीच्यांना रिकाम्या हाताने परतावे लागते. वेदना, सूज, रक्त साकळणे आणि काही काळ संप्रेरकाची पातळी घटणे हे संभाव्य त्रास आहेत.

असे मिळालेले शुक्राणू थोडे व अपरिपक्व असतात. त्यांनी नैसर्गिकरीत्या गर्भधारणा होत नाही. एकेक शुक्राणू काचेच्या अतिसूक्ष्म सुईने एकेका स्त्रीबीजात सोडावा लागतो. 'इक्सी' नावाच्या या पद्धतीने झालेल्या गर्भधारणांचे वृत्त ब्रुसेल्समधील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच अशा पुरुषांसाठी हा मार्ग खुला झाला.

आता हे लक्षात घ्या की आजार पतीचा आहे, परंतु उपचाराचा मोठा भार पत्नी उचलते. तिला दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, भूल देऊन तिची स्त्रीबीजे काढली जातात, आणि तयार झालेला भ्रूण तिच्या गर्भाशयात ठेवला जातो. एवढे करूनही गर्भ राहीलच याची हमी नसते. निरोगी असूनही ती हे सोसते. तिची मनापासून संमती घेणे हे पतीचे कर्तव्य आहे, आणि तिचे उपकार मानणे ही त्याची सज्जनता आहे.

शरीअतचा निर्णय

पहिली परखनळी बालिका २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. त्यानंतर लवकरच हा प्रश्न आलिमांसमोर आला. इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती शेख जादुलहक अली जादुलहक यांनी मार्च १९८० मध्ये फतवा दिला. पुढे इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे यावर ठराव केला. अकादमीने कृत्रिम गर्भधारणेच्या सात पद्धती विचारात घेतल्या. ज्यांत तिसऱ्या व्यक्तीचे शुक्राणू, स्त्रीबीज किंवा गर्भाशय येते अशा पाच पद्धती तिने हराम ठरविल्या. ज्यांत पतीचाच शुक्राणू, पत्नीचेच स्त्रीबीज आणि त्याच पत्नीचे गर्भाशय असते अशा दोन पद्धतींना गरजेच्या वेळी, पूर्ण खबरदारीच्या अटीवर परवानगी दिली. काही आलिम याहून अधिक सावध भूमिका घेतात, म्हणून आपल्या विश्वासाच्या मुफ्तींचा सल्ला अवश्य घ्यावा.

शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळविणे हे याच परवानगीच्या कक्षेत येते. शुक्राणू वीर्यातून आला की सुईने वृषणातून काढला, याने नसबमध्ये फरक पडत नाही. तो पतीचा आहे आणि निकाह कायम आहे, एवढे पुरेसे आहे. यावरून पुढील मर्यादा निघतात :

१. निकाह कायम असावा. तलाक झाल्यास किंवा पतीचे निधन झाल्यास गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंचा वापर जायज राहत नाही. रुग्णालयाशी करार करतानाच हे लेखी नमूद करावे.

२. सत्र केवळ गरजेपुरतेच उघडावे. शक्य असेल तेथे पुरुषाचा उपचार पुरुष डॉक्टरने आणि स्त्रीचा उपचार स्त्री डॉक्टरने करावा.

३. नमुन्यांची सरमिसळ होणार नाही याची खात्री करावी. नावपट्टी, नोंद आणि साक्ष यांची पद्धत काय आहे, हे प्रयोगशाळेला विचारण्यात संकोच नसावा. येथे झालेली चूक ही नसबमधील चूक असते.

४. आवश्यक तेवढीच स्त्रीबीजे फलित करावीत. अतिरिक्त भ्रूणांविषयी अकादमीने १९९० च्या जेद्दा येथील अधिवेशनात असेच सांगितले आहे. असा भ्रूण दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात ठेवणे हराम आहे.

५. मुलगा की मुलगी, याची निवड मागू नये. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने ती गुन्हा आहे, आणि मुलीच्या जन्माने चेहरा काळवंडणाऱ्यांचा निषेध कुरआनने केलेला आहे.

कसोटीचा क्षण

आता तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अनेकदा पतीची शस्त्रक्रिया आणि पत्नीची स्त्रीबीजे काढणे एकाच दिवशी ठरते. पत्नीची स्त्रीबीजे तयार आहेत, पैसा खर्च झाला आहे, आणि शस्त्रक्रियागृहातून निरोप येतो की शुक्राणू सापडले नाहीत. अशा वेळी सुचविले जाते की दात्याचे शुक्राणू उपलब्ध आहेत, आजच वापरले तर सर्व कष्ट सार्थकी लागतील, कुणाला कळणारही नाही. भुलेतून नुकता जागा झालेला पती आणि रडून थकलेली पत्नी अशा वेळी सही करून मोकळे होतात.

वाचकहो, ही सही जायज नाही. प्रेषित (स.) यांनी श्रद्धावंताला दुसऱ्याच्या शेतीला आपले पाणी देण्यास मनाई केली आहे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्याच्या शुक्राणूंचा वापर करता येतो आणि जन्मणारे मूल त्या जोडप्याचेच मानले जाते. कायद्याने दिलेली ही मुभा नसबचे सत्य बदलू शकत नाही. त्या मुलाला आपला पिता कोण हे कळत नाही, आपली सख्खी बहीण कोण हे कळत नाही. वारसा, महरम आणि निकाह यांचे सर्व नियम ज्या पायावर उभे आहेत, तो पायाच ढासळतो. पती-पत्नीला मात्र आयुष्यभर एक असत्य सांभाळत बसावे लागते.

यावर उपाय साधा आहे. निर्णय आधीच करा. हा कायदा लेखी संमती अनिवार्य करतो, त्याच संमतिपत्रात स्पष्ट लिहा की कोणत्याही परिस्थितीत दात्याचे शुक्राणू, स्त्रीबीज वा भ्रूण आम्हांला मान्य नाहीत. जेथे शंका आहे तेथे पतीची शस्त्रक्रिया आधी करून शुक्राणू गोठविता येतात का, हे डॉक्टरांना विचारा. तसे झाल्यास पत्नीला व्यर्थ इंजेक्शने घ्यावी लागणार नाहीत. एकाच दिवशी करायचे ठरले आणि शुक्राणू मिळाले नाहीत, तर तिची स्त्रीबीजे फलित न करता तिच्याच नावे गोठविण्याची सोय आहे का, तेही विचारून ठेवा.

काही नित्याचे मसले

हनफी मसलकानुसार वासनेसह वीर्य बाहेर पडल्याने गुस्ल वाजिब होते, म्हणून केवळ सुईने शुक्राणू काढल्याने ते वाजिब होत नाही. शाफई मसलकात वासनेची अट नसल्याने कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. जखमेतून रक्त वाहिल्यास हनफींच्या मते वजू तुटते, शाफईंच्या मते तुटत नाही. जखमेवर पाणी घालणे अपायकारक असल्यास पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. कमरेखालची भूल उतरेपर्यंत बसून किंवा पडून नमाज अदा करावी, ती सोडू नये. शस्त्रक्रियेची तारीख निवडता येत असल्याने शक्यतो रमजान टाळावा. खर्चासाठी व्याजी कर्ज काढून हलाल अपत्याची वाट हराम धनाने चालू नये.

पदरी निराशा आली तर

सर्व प्रयत्न करूनही अल्लाहने दिले नाही, तर त्याच्या खजिन्यात उणीव आहे असे समजू नका. अनाथाचे संगोपन करणारा जन्नतमध्ये आपल्यासोबत दोन बोटांसारखा जवळ असेल, असे प्रेषित (स.) यांनी आपली बोटे दाखवून सांगितले आहे. सूरह अहजाबच्या आज्ञेनुसार (३३ : ५) मुलाला त्याच्या खऱ्या पित्याच्याच नावाने ओळखले जावे. हे पाळून अनाथाला घर आणि माया देता येते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने त्याचे पालकत्व न्यायालयाकडून घेता येते. महरमचा प्रश्न काही प्रसंगी रजाअतने, म्हणजे दूधपानाच्या नात्याने सुटतो. आपल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत त्याच्यासाठी वसीयतही करता येते.

पत्नीच्या हक्काविषयीही बोलले पाहिजे. ह. उमर (रजि.) यांच्याविषयी वृत्तांत आहे की अपत्य होऊ न शकणाऱ्या एका पुरुषाने निकाह केला, तेव्हा त्यांनी त्याला विचारले की पत्नीला हे सांगितले आहेस काय? नाही म्हटल्यावर, तिला सांगून तिला निवड करू दे, अशी आज्ञा दिली. ज्याला आपला दोष निकाहपूर्वी माहीत आहे, त्याने तो लपविणे ही फसवणूक आहे. ज्याला तो निकाहनंतर कळला, त्याने तपासणीचा अहवाल कपाटात दडवून पत्नीला नातेवाइकांची बोलणी ऐकू देणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. खाजगी गोष्ट सर्वांना सांगण्याची गरज नाही. 'दोष तिच्यात नाही' एवढे एक वाक्य आपल्या आईसमोर उच्चारण्याचे धैर्य मात्र प्रत्येक पतीने दाखवावे.

आणि घरातील ज्येष्ठांनो, आपल्या सुनेला पुढच्या डॉक्टरकडे पाठविण्यापूर्वी आपल्या मुलाला एका तपासणीसाठी पाठवा. यात त्याचा अपमान नाही. कदाचित अल्लाहने आपल्या घरचा इलाज तेथूनच सुरू करण्याचे ठरविले असेल.

अल्लाह सर्व निपुत्रिक जोडप्यांना नेक संतती प्रदान करो, ज्यांना ती मिळाली नाही त्यांची हृदये समाधानाने भरो, आणि आपणा सर्वांना त्याच्या मर्यादेत राहून प्रयत्न करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.